डबी म्हणते, घरात कोणी नाही

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात दिवसा कोणी राहत नव्हतं. हे मी म्हणत नाही. हॉलमध्ये एसीसमोरच्या भिंतीवर चिकटवलेली एक पांढरी डबी म्हणत होती, आणि डबी कधी चुकत नाही असं तिच्या खोक्यावर छापलेलं होतं. माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई त्याच हॉलमध्ये दिवाणावर पाय लांब करून बसलेली असताना ही डबी माझ्या मोबाईलवर कळवायची, की घर रिकामं आहे, एसी बंद करत आहे, आपण विजेची बचत केलीत, अभिनंदन. माणसानं असं काही म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. डबीशी कसं भांडायचं हे मला पन्नाशीपर्यंत कोणी शिकवलेलं नव्हतं.

आम्ही कोलशेतला राहतो. मी ठाण्याला एका कॉलेजात हेडक्लार्क, बायको समीक्षा पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मुलगी सान्वी इंजिनियरिंगला. बाबा गेल्यापासून आई डोंबिवलीच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत एकटीच असायची. चल आमच्याकडे म्हटलं की, येईन रे, घाई काय आहे, म्हणायची. मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की सहा महिने जिना बंद, पाय घसरला तर पुन्हा चालायचं विसरा. डोंबिवलीची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून आई आली. आमचा हॉल पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे दुपारी एकनंतर तिथे पापड भाजून निघतील असं ऊन येतं. तेव्हा खास आईसाठी हॉलमध्ये एसी बसवला, आणि खास आईसाठी बसवला हे मी पुढचे पंधरा दिवस भेटेल त्याला सांगितलं.

डबीची कल्पना आमच्या कॉलेजातल्या अनिमेषची. हा फिजिक्सचा नवा प्राध्यापक. त्याला जगातल्या प्रत्येक अडचणीवर एक ॲप माहीत असतं. त्यानं समजावलं, की ही डबी तुमच्या मोबाईलवरून ओळखते तुम्ही घरी आहात की नाही. घरातला शेवटचा मोबाईल अर्धा किलोमीटर लांब गेला की एसी आपोआप बंद. पहिला मोबाईल परत येताना दिसला की आपोआप चालू. माणूस दारात येईपर्यंत घर गार. मला हे एकदम पटलं. खोटं कशाला बोलू, विजेच्या बिलाचा विचार मनात नव्हताच असं नाही, पण तो मी मनातच ठेवला. सान्वीनं दहा मिनिटांत डबी बसवली. मी तिला हळदकुंकू लावणार होतो, पण वॉरंटी जाईल असं समीक्षा म्हणाली.

पहिले आठ दिवस मी हवेत होतो. सकाळी पावणेदहाला आम्ही तिघं आपापल्या दिशांना गेलो की दहाच्या सुमारास मेसेज यायचा, घर रिकामं आहे. तो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवायचो. शिपायाला दाखवला, प्रिन्सिपॉलबाईंना दाखवला, ॲडमिशनची चौकशी करायला आलेल्या एका पालकांनाही दाखवला. संध्याकाळी घरी जावं तर घर खरोखरच गार. मी चपला काढता काढता वा वा म्हणायचो. आई, उकडत नाही ना आता, असं विचारायचो. आई पदरानं मान पुसत म्हणायची, नाही रे, पंखा आहे की.

नवव्या दिवशी समीक्षाचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती दुपारी दोनलाच घरी आली. रिक्षातून उतरायच्या आत तिचा मोबाईल डबीला दिसला असणार, पण गारवा धरायला वेळ लागतो. दार उघडलं तर हॉल भट्टीसारखा तापलेला, आणि आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसलेली. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानं ती फरशीवर कशी बसली असेल देव जाणे. समीक्षानं मला फोनवर एवढंच विचारलं, की घर रिकामं आहे असा मेसेज रोज येत होता ना तुला, मग त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही? मी फोन ठेवला आणि रजिस्टर उघडून बसलो. त्या दिवशी मला स्वतःची जी लाज वाटली ती अजून तशीच आहे.

आता चूक कळली म्हणजे सुधारणं सोपं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलेलं. डबीला आई घरात आहे हे कळवायचं, एवढंच तर होतं. पण डबी माणसाला ओळखत नाही, मोबाईलला ओळखते. आईकडे मोबाईल आहे, पण बटणांचा. डबी त्याला मोबाईल मानायला तयार नाही. एसी सारखा चालूच ठेवायचा तर डबी घेतली कशाला, हा प्रश्न माझा मलाच पडला. पडलो तरी नाक वर म्हणतात ते असं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये रघुशेठ राहतात. आमचा टॉवर ज्या जमिनीवर उभा आहे ती त्यांच्या वडिलांची शेती. बिल्डरला जमीन देऊन त्यांना फ्लॅट मिळाले आणि त्याबरोबर टॉवरमधल्या यच्चयावत माणसांना सल्ला देण्याचा हक्कही मिळाला, असं ते धरून चालतात. ते येऊन डबीकडे बराच वेळ बघत राहिले. उपटून खाडीत टाक, हा त्यांचा पहिला सल्ला. मी तो मानला नाही. दुसरा सल्ला असा, की घरात एखादा जुना मोबाईल पडला असेल तो म्हातारीच्या हातात दे, म्हणजे डबी गप बसेल. हा मानला. तो मानला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

जुना मोबाईल होता, बाबांचा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण गॅसचं बुकिंग त्याच नंबरवर असल्यामुळे आम्ही तो नंबर जिवंत ठेवलेला. सान्वीनं तो चार्ज केला, त्यात ॲप घातलं, डबीला जोडून दिला. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाली, काचेवर चरा पडलाय गं, ह्यांना चालायचा नाही. सान्वीनं तिला सांगितलं, आज्जी, तू फक्त हा जवळ ठेव, बाकी काही करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी प्रिन्सिपॉलबाईंच्या केबिनमध्ये विद्यापीठाच्या पत्रावर चर्चा करत होतो. टेबलावर ठेवलेला माझा मोबाईल वाजला. बाईंनी आणि मी एकदमच वाचलं. 'धाकू घरी आला आहे. घर थंड करत आहे.' बाईंनी विचारलं, धाकू कोण, नोकर ठेवलात का? मी म्हटलं, वडील. बाई म्हणाल्या, अच्छा, ते गावाहून आले वाटतं. मी ज्या माणसाचं तेरावं स्वतःच्या हातानं घातलेलं तो घरी आला, हे बाईंना कुठून सुरुवात करून सांगायचं? मी होय म्हणालो.

साडेअकराला मेसेज आला, धाकू बाहेर गेला आहे. सव्वाबाराला, धाकू घरी आला आहे. एकला परत बाहेर. समीक्षाला लॅबमध्ये हेच मेसेज जात होते. तिनं फोन करून विचारलं, की बाबा इतक्या उन्हाचे सारखे कुठे जातायत? ती हसत होती, पण मला हसू येईना. हयातीतही बाबांचा पाय कधी घरात ठरला नाही. नाक्यावर जाऊन येतो म्हणत आणि जेवायच्या वेळेलाच उगवत. त्यामुळे डबीवर अविश्वास दाखवायलाही मला जागा नव्हती.

संध्याकाळी उलगडा झाला. आई तो मोबाईल कपाटात ठेवत होती. आमचं बेडरूममधलं लोखंडी कपाट, त्याच्या आतल्या तिजोरीत, जिथे तिच्या पाटल्या आणि डोंबिवलीच्या खोलीचे कागद आहेत तिथे, हातरुमालात गुंडाळून. किल्ली कमरेला. महागाची वस्तू बाहेर पडू द्यायची नसते, हे तिनं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. लोखंडाची दोन दारं लागली, की मोबाईलचा डबीशी संबंध तुटायचा आणि बाबा बाहेर जायचे. आई अधूनमधून कपाट उघडून मोबाईल नीट आहे ना ते बघायची, पुसायची, जवळ घेऊन बसायची, तेवढा वेळ बाबा घरी यायचे. एसीही त्यांच्याबरोबर यायचा आणि जायचा. मी आईला मेसेज वाचून दाखवला, तर तिला एकाच गोष्टीचा राग आला. ती म्हणाली, आला आहे म्हणजे काय, ह्यांना अरेतुरे कोण करतंय?

निदान नाव तरी बदलावं म्हणून मी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. मराठीसाठी तीन दाबा, थांबा, आपला कॉल महत्त्वाचा आहे, हे सगळं पंचवीस मिनिटं झाल्यावर कृतिका नावाच्या मुलीनं फोन घेतला. फार गोड बोलत होती. नाव बदलायचं तर ज्यांचं नाव आहे त्यांच्याशीच बोलावं लागेल, असा नियम आहे म्हणाली. मी म्हटलं, ते वारले. तिनं कीबोर्डवर काहीतरी शोधलं.

"सॉरी सर. पण आमच्या सिस्टिमप्रमाणे ते आत्ता घरीच आहेत."

मी म्हटलं, बाई, चार वर्षं झाली. ती म्हणाली, मग मृत्यूचा दाखला अपलोड करा. मी विचारलं, दाखला अपलोड केल्यावर काय होईल? ती म्हणाली, त्यांचं अकाउंट बंद होईल आणि तो मोबाईल डबीतून निघून जाईल. म्हणजे आई पुन्हा घरात नाही. मी म्हटलं, नको, राहू दे त्यांना घरी. तिनं मला पाचपैकी किती तारे देणार असं विचारलं. तिचा काय दोष, मी पाच दिले.

त्या शनिवारी पार्किंगमध्ये रघुशेठ भेटले. इकडचं तिकडचं बोलले, मग किल्ली बोटात फिरवत म्हणाले, की गुरुवारी तुझ्या आईला गाडीनं डोंबिवलीला सोडायचंय ना, किती वाजता निघायचं? मी म्हटलं, कोणी सांगितलं? तेव्हा ते घोटाळले. मग कळलं, की आईनं त्यांच्या बायकोला, शेवंतीबाईंना, गळ घातलेली, सुदेशला, म्हणजे मला, सांगू नका म्हणून. बॅग दिवाणाखाली भरून तयार होती.

"तुजी आय शेवंतीला काय बोलली म्हाईत हाय?" रघुशेठ हळू आवाजात म्हणाले. "सुदेश रस्त्याला लागला का दहा मिन्टांत हापिसातून बटन दाबून बंद करतो. तोंडानी नाय बोलत, बटनानी बोलतो."

मी तिथेच गाडीच्या बॉनेटला टेकलो. आईच्या बाजूनं सगळं एकदम दिसलं. रोज सकाळी मुलगा, सून, नात तिच्यासमोर गार हवेत चहा पितात. मग निघतात. ते जाऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच एसी पीं करून बंद. संध्याकाळी ते यायच्या पाच मिनिटं आधी पीं करून चालू. यातून शहाण्या माणसानं दुसरा काय अर्थ काढायचा? मला आधी डबीचा राग आला, मग रघुशेठचा, मग आईचा. माझ्याबद्दल तिनं असं मानलंच कसं? आणि सगळ्यांत शेवटी भीती वाटली, कारण डोळ्यांसमोर डोंबिवलीचा तो जिना आला. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत, आणि वरच्या वळणावर कठडा नाही.

वर जाऊन मी आईसमोर बसलो आणि मोबाईलवर ॲप उघडून तिला सगळं पहिल्यापासून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा लावून स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, हे लाल काय आहे? मी म्हटलं, ते एसी बंद करायचं बटण. म्हणजे तुझ्या मोबाईलमध्ये बटण आहे. आहे, पण मी ते दाबत नाही. ती म्हणाली, बरं. आईच्या त्या बरंला खालच्या कोर्टात, वरच्या कोर्टात, कुठेच अपील नसतं. जाता जाता मी तिला एवढंच बजावलं, की बाबांचा मोबाईल कृपा करून कपाटात ठेवू नकोस.

आता पुराव्याशिवाय गत्यंतर नव्हतं. रविवारी दुपारी मी प्रात्यक्षिक ठरवलं. आम्ही तिघांनी आपापले मोबाईल घेऊन घरापासून लांब जायचं. मी बटण दाबत नाही याचे साक्षीदार म्हणून रघुशेठ बरोबर, माझा मोबाईल त्यांच्या हातात. घरी आईजवळ शेवंतीबाई. एसी आपोआप बंद झाला की त्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि फोन करायचा. रघुशेठनी स्वतःची गाडी काढली. कोर्टातल्या पंचासारखा चेहरा करून त्यांनी माझा मोबाईल डॅशबोर्डवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

अर्धा किलोमीटर केव्हाच मागे पडला. माजिवड्याच्या पुलाखाली गाडी थांबवून समीक्षानं शेवंतीबाईंना फोन लावला. बंद झाला का? नाही. अजून दहा मिनिटं थांबलो. नाही. रघुशेठ म्हणाले, आणखी लांब जाऊ, यंत्राला अंतराचा अंदाज येत नसेल. खारेगावपर्यंत गेलो. मे महिन्याचं ऊन, पुढे कंटेनरची रांग, आणि गाडीत चार माणसं आमचं घर गरम होण्याची वाट बघतायत. पुन्हा फोन लावला, स्पीकरवर.

"नाय रं," शेवंतीबाईंचा आवाज आला. "आमी दोगीजनी शाली घेऊन बसल्याव."

तेवढ्यात डॅशबोर्डवरचा माझा मोबाईल वाजला. रघुशेठनी तो मोठ्यानं वाचला. 'धाकू घरी आहे. घर थंड ठेवत आहे.' मी कपाळाला हात लावला. आदल्या दिवशी मी आईला मोबाईल कपाटात ठेवू नकोस म्हणून बजावलेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं ऐकलेलं. मोबाईल दिवाणावर तिच्या उशाशी होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी खारेगावपर्यंत पेट्रोल जाळून करून आलो.

घरी परत आलो तेव्हा शेवंतीबाई शाल घडी करत होत्या. आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बघ, आज मोबाईल तुझ्या हातात नव्हता, तर दुपारभर बंद नाही झाला. मी समीक्षाकडे बघितलं, समीक्षानं सान्वीकडे. दारात उभ्या असलेल्या रघुशेठनीसुद्धा मान डोलावली, आणि ते तर माझे साक्षीदार होते.

मग मी डबी उपटली. ती भिंतीचा रंग आणि थोडं प्लॅस्टर घेऊनच निघाली. माळ्यावरून एसीचं खोकं काढलं, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत अजून न उघडलेला रिमोट होता. त्यात सेल घातले आणि आईच्या शेजारी दिवाणावर बसलो. मला मोठं भाषण करायचं होतं, पण तोंडातून निघालं ते असं.

"आई, बटण मी दाबलं नाही. पण घरात कोणी नाही असा मेसेज मला रोज यायचा, आणि मी तो लोकांना दाखवत फिरायचो. तू आहेस हे माझ्या ध्यानातच नव्हतं. हे बटण दाबण्यापेक्षा वाईट आहे. हा रिमोट तुझा. आम्हाला कोणाला हात लावू देऊ नकोस."

आईनं रिमोट हातात घेतला. उलटासुलटा करून बघितला. सान्वीनं बोट धरून दाखवलं, हे चालू, हे बंद. आईनं रिमोट एसीकडे रोखला आणि बटण दाबलं. पीं झालं आणि एसी बंद पडला. दुपारचे साडेतीन, पश्चिमेचं ऊन सोफ्यापर्यंत आलेलं. आम्ही सहाही जण बंद एसीकडे बघत राहिलो. पाचेक मिनिटांत माझा शर्ट पाठीला चिकटला. रघुशेठ हातरुमालानं मान पुसायला लागले, पण पुन्हा चालू करा म्हणायची त्यांचीही छाती होईना. शेवटी मीच विचारलं, आई, उकडत नाही का गं तुला?

"तू बंद केलास की उकडतं रे," आई म्हणाली. "मी बंद केला की नाही उकडत."

मग तिनं रघुशेठना सांगितलं, की गुरुवारी गाडी नको, आणि पायानं दिवाणाखालची बॅग सान्वीकडे सरकवून तिला साड्या काढून ठेवायला सांगितल्या.